खाडीच्या चिखलात

ती. आई,

तुझ्या पाया पडून लिहितेय. मी धडधाकट आहे, हे आधी वाच, मग पुढचं.

आमची खाडी एवढीशी, ओहोटीला नुसता ओढाच वाटते. तिच्यात भराव टाकायचं चाललंय. चिखलात किती जीव राहतात ते मोजून दाखवलं, तरच तो थांबेल. काल खेकड्यांची बिळं मोजत मी एकटीच पुढे गेले आणि मांडीपर्यंत रुतले. धडपडले तशी आणखी खाली गेले. तेवढ्यात भरती लागली. बघता बघता पाणी कमरेला आलं.

होडीवाल्या मावशींनी लांबून पाहिलं. "उभी राहू नकोस, पाठीवर पड!" त्या ओरडल्या. मला धीर होईना.

"पड म्हणते ना!"

डोळे मिटून आडवी झाले, तेव्हा कुठे पाय सुटले. मावशींनी वल्हं पुढे करून मला ओढून घेतलं.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? ताई येऊन गेली का?

मोजणी अर्धीच झालीय, म्हणून उद्या पुन्हा उतरणार, पण मावशींना घेऊन. मला वाटत होतं, मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. मावशी म्हणतात, मी सारखी तुला हाका मारत होते.

तुझीच,
धाकटी