डायपर कोरडाच
मंगळवार, संध्याकाळ

सातव्या महिन्यात जन्मलेली आमची मुलगी काचेच्या पेटीत आहे आणि सकाळपासून तिचा डायपर कोरडा आहे. दुपारी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हिच्या किडन्या अजून कच्च्या आहेत. रक्तात ॲसिड साचतंय, ते बाहेर टाकणं त्यांना जमत नाही. म्हणून तिला धाप लागतेय. औषध सुरू केलंय."

"माझ्या दुधामुळे तर नाही ना?"

"अहो, नाही. ती लवकर आली, एवढंच."

लवकर का आली? मीच काही... नको, आज ते नको.

हे मार्केट यार्डातला गाळा बंद करून धावत आले. आल्या आल्या विचारलं, "शू झाली का?" सिस्टरनी डायपर उघडून दाखवला. कोरडाच.

मग टाचेतून रक्त घेतलं. ती रडली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

आत्ता मॅडम सांगून गेल्या, "थोडी शू झालीय, ॲसिडही किंचित उतरलंय. पण उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही."

हे म्हणाले, "तिचं नाव आजच ठेवू या."

बारशापर्यंत का थांबायचं नाही, ते मी विचारलं नाही. पेटीजवळ वाकून आम्ही दोघांनी हळूच हाक मारली, "मुक्ता."