चहा पाथर्डीला नेण्याविषयी

देवळाली प्रवरा,
ऋषिपंचमी

श्री. काकासाहेब व्याही यांना सूर्यभानचा मनापासून रामराम. इकडे मी व बनुबाई उभयता बरे आहोत. तुमचा गुडघा आणि विहीणबाईंचा ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे, ते कळावे. (डोळ्याचे मला आमच्या रुपालीकडून कळले. तुम्ही कळवले नाही याचा राग नाही. कळवावे असे मी काही शिल्लक ठेवले नव्हते.) दहा महिने तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला. पत्र फार तर फाडता येते, पण फाडण्याआधी माणूस वाचतोच.

विषय त्याच चहाचा आहे. तुमचे अमृतराव, आमचे जावई, कंपनीच्या कामाला चीनला गेले आणि ती चहाची चकती घेऊन आले. गोवरीएवढी, दाबून घट्ट केलेली. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या सगळ्यांसमोर ठेवून ते म्हणाले, हा चहा लोणच्यासारखा मुरतो. छोटी संस्कृती अठरा वर्षांची झाली की दोन्ही घरांनी मिळून फोडायचा. नात तेव्हा तीन वर्षांची. म्हणजे पंधरा वर्षे सांभाळायचा. कुणी, एवढाच प्रश्न होता. तुम्ही साधेपणाने म्हणालात, "पाथर्डीला राहू द्या, आमच्याकडं हवा कोरडी हाय." मी पडलो साखर कारखान्याच्या गोदामात तीस वर्षे काढलेला माणूस. भरल्या पंगतीत बोलून गेलो, "तुमच्या दुष्काळी मुलखात मुरायला पाणी न्हाई, चहा कुठला मुरायचा?" सगळे हसले. तुम्ही अर्धी पुरणपोळी ताटात ठेवून उठलात. चहा माझ्याकडे राहिला.

पुढे त्याचे काय झाले ते न लपवता लिहितो. आधी मी तो स्टीलच्या डब्यात घट्ट बंद केला. अमृतराव फोनवर म्हणाले, "मामा, त्याला जरा हवा लागू द्या." झाकण काढले तेव्हा ध्यानात आले की त्या डब्यात पूर्वी हिंग असायचा. (घासून हिंगाचा वास जातो असे जो सांगतो, त्याच्या घरी हिंग नसावा.) मग चिनी चहाला चिनीमातीच शोभेल म्हणून बरणी धुतली, आठ दिवस उन्हात ठेवली, हुंगली. कैरी! बनुबाईंना हुंगायला दिली. त्या म्हणाल्या, "बारा वर्सं लोनचं सांबाळलंय तिनं, आठ दिसांत इसरंल व्हय?"

शेवटी श्रीरामपूरच्या बाजारातून कोरा माठ आणला. मातीला वास नाही आणि हवाही खेळते; डोके इथवर बरोबर चालले. पण नवा म्हणून मी तो धुतला आणि वरून कोरडा दिसताच चकती आत ठेवली. आषाढ होता. चहूकडे ऊस, कॅनॉलला पाणी आणि घरात ओला माठ. पंधरा दिवसांनी वरचे फडके काढले तर चकतीवर पांढरी बुरशी.

काकासाहेब, गोदामात साखरेची पोती भिजली तेव्हाही मला एवढे लागले नव्हते. चकती उजेडात नेऊन पाहिली. म्हटले, पोरीची ठेव घालवली मी. बनुबाई एरवी कपबशी फुटली तरी बोलतात, त्या उठून आत गेल्या. जुना टूथब्रश घेऊन आल्या. ओसरीत, वाऱ्याला बसून आम्ही दोघांनी तीन दिवस ती चकती पुसली. अमृतरावांनी व्हिडिओवर पाहिली आणि म्हणाले, बुरशी वरवरची होती, आत चहा शाबूत आहे, पण आता कोरड्या हवेच्या ठिकाणी हलवा. गावाचे नाव त्यांनी घेतले नाही. मुलगा तुम्ही गुणी वाढवला आहे.

तेव्हा तुमचे खरे होते. त्या दिवशीच्या बोलण्याची मी माफी मागतो, आणि जेवढ्या माणसांत बोललो तेवढ्याच माणसांत पुन्हा मागेन. चहा घेऊन जावा. कुणाच्या हाती पाठवणार नाही. तुम्ही स्वतः यावे.

आपला,
सूर्यभान

ता. क. चकती सध्या कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. हेच उत्तम, असे अमृतराव म्हणतात. त्यांनी आणली तीही अशाच खोक्यात होती. ते खोके मी पहिल्याच दिवशी बंबात घातले.

ता. क. दुसरा. हवेचे कारण खरे आहे, पण अर्धेच. जूनमध्ये डॉक्टरांनी माझे हृदय तपासले आणि बराच वेळ कागदाकडेच पाहत राहिले. रुपालीला सांगितलेले नाही. मी बहात्तरचा, तुम्ही चौसष्टचे. संस्कृतीसमोर चहा फोडायला दोन्ही आजोबांपैकी एक तरी हवा. तो तुम्ही व्हा.

ता. क. तिसरा. चकतीची एक कड तुटलेली दिसेल. ती बुरशीने गेलेली नाही. परवा आम्ही दोघांनी दूध-साखर घालून उकळून पाहिली. भिजलेल्या गोणपाटासारखी लागते. पंधरा वर्षांत सुधारायला तिला पुष्कळ वाव आहे. मला तेवढी सवड नाही, तेव्हा या रविवारीच या.