घर सुनेला, साखळ्या विद्यार्थ्यांना

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, धंदा पाठ्यपुस्तकांतली चित्रं काढण्याचा, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकील म्हणाले. मला कोणी दटावलेलं नाही की लाडीगोडी लावलेली नाही. मुलीने लावून पाहिली, ते पुढे येईलच. याआधी लिहिलेलं सगळं रद्द समजावं.

१. घर. हे दुमजली घर मी स्वतःच्या कमाईतून घेतलं. ते जागेसह आणि सामानासह माझ्या सुनेला द्यावं. माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ती माझ्यापाशी आहे. तिने पुन्हा लग्न केलं तरी घर तिचंच, नाही केलं तरी तिचंच. हे वाक्य वकिलांनी दोनदा वाचून दाखवलं आणि मी दोनदा मान डोलावली.

असं मुद्दाम लिहायचं कारण माझी मुलगी. ती म्हणाली, "आई, वहिनीने उद्या लग्न केलं तर दादाच्या घरात परका माणूस येऊन बसेल." ते सुनेच्या कानावर गेलं. तेव्हापासून ती लग्नाचा विषयच काढू देत नाही. मुली, घर दादाचं नव्हतं, माझं आहे. परकं कोणाला म्हणायचं तेही मीच ठरवीन. तुझ्यावर राग नाही. माझे दागिने आणि बँकेतली सगळी ठेव तुला. त्यावर तुझ्या वहिनीने हक्क सांगू नये. ती सांगणारही नाही.

२. चित्रं. मी जन्मभर जीवरसायनशास्त्राच्या मुलांसाठी प्रथिनं काढली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी, आणि ती जशी दुमडते तसं तिचं काम ठरतं. जिथे ती स्प्रिंगसारखी वळते तिथे मी गुंडाळी काढते, जिथे ताठ पसरते तिथे बाणाची चपटी पट्टी, आणि मधल्या वळणांना बारीक दोरी. कागदाला हात लावण्याआधी प्रत्येक साखळी मी कापडी फितीने टेबलावर दुमडून पाहत असे. फीत जमली नाही तर त्या दिवशी शाई उघडायची नाही. मग मुलगा घरात जाहीर करायचा, "आज आईचा गुंता झालाय, आपलं आपण वाढून घ्या."

सगळी मूळ चित्रं सून शिकवते त्या कॉलेजला द्यावीत. विद्यार्थ्यांनी हवी तेवढी उतरवून घ्यावीत, परवानगी मागत बसू नये. अट एकच, चित्र आरशातल्यासारखं उलटं करू नये. उजव्या हाताचा अंगठा वर धरा. बोटं जिकडे मिटतात तिकडे फिरत फिरत गुंडाळी वर चढली पाहिजे. तशी चढली नाही तर पुन्हा काढा.

३. छापखान्याचे मालक. यांना काहीही देऊ नये. यांनी माझ्या एका पुस्तकाची छपाईची फिल्म पालथी लावली आणि झाडून सगळ्या गुंडाळ्या डावखुऱ्या झाल्या. जाब विचारला तर म्हणतात कसे, "बाई, दिसायला तर छान दिसतंय. कोणाला कळणार आहे?"

एका विद्यार्थिनीला कळलं. पुस्तक काखोटीला मारून ती थेट माझ्या दारात आली आणि अंगठा माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "हे तुम्ही काढलंत? मग आम्ही परीक्षेत लिहायचं काय?" मूळ चित्र दाखवलं तेव्हा कुठे बया खाली बसली. दार माझ्या मुलाने उघडलं होतं. पुढे ती माझी सून झाली. म्हणजे मालकांचे माझ्यावर उपकारच आहेत. तरीही काही देऊ नये.

४. तारवाला. हा सुनेच्या कॉलेजात प्रथिनांचे तारेचे नमुने बनवतो. दर शनिवारी एक नमुना माझ्याकडे तपासायला आणतो. गेली दोन वर्षं त्यात एकही चूक नाही, तरी येतो. मी तार तपासते आणि हा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसतो. मी काय खुळी आहे? एकदा सरळ विचारलं. तो म्हणाला, "मी त्यांना विचारलं होतं, बाई. त्या म्हणाल्या, आईंना सोडून कशी येऊ." याला काही ठेवलेलं नाही. त्याला माझ्याकडून जे हवं आहे ते माझ्या मालकीचं नाही.

५. सुनेस. "आईंना सोडून कशी येऊ" हे कारण आजपासून बंद. मी हयात आहे तोवर वरच्या खोलीत राहीन, खाली कोण राहतं याची चौकशी करणार नाही. चौकशी करीन, पण खोकत जिना उतरीन. तारवाल्याला नको म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, फक्त माझं नाव पुढे करू नकोस. मुलगा गेला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि तू मला हाताने भरवलंस. तुझंही दुःख तेवढंच होतं. मला तू फार हवी आहेस गं, म्हणूनच तुला अशी अडकलेली बघवत नाही.

पुढचा मजकूर सह्यांच्या वेळी मी स्वतः वाढवला आहे.

साक्षीला डॉक्टरीणबाई आणि तारवाला यांना बोलावलं होतं. सून माझ्या शेजारी बसली होती. वकिलांनी सगळी कलमं मोठ्याने वाचली. पाचव्याला ती उठून खिडकीपाशी गेली. डॉक्टरीणबाईंनी सही केली. तारवाल्याने पेन उचललं तसे वकील म्हणाले, "एक विचारायचं राहिलं. घर मिळणाऱ्या बाईंशी आपलं काही नातं? किंवा पुढे होण्यासारखं? तसं असेल तर सही करू नका, उद्या उगाच वाद नको."

तारवाला कानापर्यंत लाल झाला. "ते मला कसं सांगता येईल?" म्हणाला आणि खिडकीकडे पाहत राहिला.

सून आली, त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि खिडकीतून खाली शेजारच्या दुकानाकडे हाक मारली, "शिंपीकाका, जरा वर येता का? एक सही हवी होती."

(सही) लिहून देणार, चित्रकार

साक्षीदार:
(सही) डॉक्टरीणबाई, समोरचा दवाखाना
(सही) शिंपीकाका, शेजारचं दुकान

ठिकाण: राहतं घर, वरची खोली
दिनांक: चालू महिन्याची नऊ, शनिवार