शंभर ग्रॅम फरसबीत पंचवीस कॅलरी

३ मार्च
कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी आज सगळ्यांदेखत माझा अपमान केला. वजन एकशे चौदा, ब्लडप्रेशर त्याहून उद्धट. टॉवर क्रेन चालवायची तर वजन एकशे दहाच्या आत हवं म्हणे. का, तर वर केबिनमध्ये काही झालं तर खाली आणणाऱ्यांना मी झेपलो पाहिजे. अकरा वर्षं रोज आपल्या पायांनी उतरतोय, कुणाच्या बापाने मला उतरवलेलं नाही. महिनाअखेरीस पुन्हा तपासणी, तोवर क्रेन माझ्याकडेच. तेव्हाही नापास झालो तर मी कायमचा जमिनीवर आणि केबिनमध्ये माझा साडू. म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. काटकी नुसती! त्याला साइटवर चिकटवला तोही मीच.

४ मार्च
निश्चय झाला. रात्री फक्त फरसबी, तीही टिनमधली. डब्यावर छापलंय, शंभर ग्रॅमला पंचवीस कॅलरी. एवढ्या तर मी दुकानाच्या पायऱ्या चढताना जाळतो. अख्खं खोकं उचललं. बायको म्हणाली, बाजारात ताजी मिळते की. मी म्हटलं, ताजी फरसबी काही लिहून देते का? तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? बाई गप्प झाली. मुद्दा पटला की ती गप्प होते.

५ मार्च
खाल्ली. भिजवलेला पुठ्ठा बरा.

६ मार्च
चूक सापडली. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचलं, की भाज्यांमधली काही जीवनसत्त्वं तेलाशिवाय अंगाला लागतच नाहीत. म्हणजे काल सगळी वाया गेली. आजपासून तेलात परतणार. बायकोने चहाचा एक चमचा तेल घातलं. हा कंजूषपणा जीवनसत्त्वांच्या मुळावर येतो. तिला बाजूला सारून पळी मीच हातात घेतली. आता चव आली! तेलाच्या कॅलरी वेगळ्या मोजाव्या लागतात, असं ती म्हणते. डब्यावर तेलाचं नाव नाही. जे छापलेलंच नाही ते मी का मोजू?

९ मार्च, रविवार
साडू आणि मेहुणी जेवायला. काटकीने दोनदा भात घेतला, वर गोड हाणलं, आणि मी समोर फरसबी चघळत बसलो. देवाला डोळे आहेत की नाहीत? जाताना अगदी साखरेत घोळून म्हणतो, दादा, उद्यापासून सकाळी बरोबर चालायला जाऊ या, मी हाक मारायला येतो. डाव कळला मला. माझा गुडघा गेला की याचं फावलं. मी म्हटलं, आधी स्वतःच्या अंगावर मांस चढव. मेहुणीचं तोंड उतरलं. उतरू दे.

१२ मार्च
घरात राजकारण शिजतंय. बायको टिन उघडून त्यातलं पाणी सिंकमध्ये ओतत होती, वर फरसबी नळाखाली धूत होती! सगळं सत्त्व त्या पाण्यात उतरलेलं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. ती म्हणे, त्यात मीठ असतं, तुमचं प्रेशर वाढेल. मी टिन हिसकावून उरलेलं तिच्यासमोर पिऊन दाखवलं. खारट होतं, पण औषध कधी गोड असतं का? आजपासून टिन मी उघडणार, पाणी मी पिणार. ती पडली तिच्या बहिणीची बहीण.

१६ मार्च
वजन एकशे सोळा. हॉलची फरशी उतरती आहे. काटा स्वयंपाकघरात नेला, तिथेही एकशे सोळा. गॅलरीत एकशे पंधरा, म्हणजे हवेचाही परिणाम होतो. शेवटी दाराशी, एक कोपरा पायपुसण्यावर टेकवून ठेवला आणि अचूक वजन मिळालं, एकशे नऊ. काट्याची कायमची जागा ठरली. बायकोला बोलावून दाखवलं. तिने वाकून पायपुसणं बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. कौतुकाचा एक शब्द नाही!

२० मार्च
केबिनची शिडी चढताना तिसऱ्या टप्प्यावर थांबलो. नटबोल्ट तपासले. पाचव्यावरही तपासले. इतकी वर्षं कुणी तपासत नव्हतं, सगळे आंधळे. खालून सुपरवायझर ओरडला, की काँक्रीटची गाडी खोळंबली आहे. खोळंबू दे. सेफ्टी महत्त्वाची. वर पोचल्यावर कानात बराच वेळ शिट्टी वाजत होती. खालच्या मिक्सरची असणार.

२४ मार्च
फरसबी संपल्यावर कढईत तेल उरतं. सगळी जीवनसत्त्वं त्यातच. टाकून कसं द्यायचं? पावाने पुसून घेतो. सहा स्लाइस लागले. पाव हा आहारात धरायचा नाही, तो पुसायला असतो.

२८ मार्च
बायकोने आज कहर केला. मी पळी उचलली तर हात धरला आणि रडायलाच लागली. म्हणते, रोज साइटचा फोन येईल म्हणून माझा जीव टांगणीला असतो. तुम्ही वर कोसळलात तर कोण आणणार खाली? राहू दे ती क्रेन, खाली काम करा, पण घरी या. म्हणजे पोटातलं शेवटी ओठावर आलं. राहू दे ती क्रेन! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बोलू नये ते बोललो. ती न जेवता निजली. मी जेवलो, नियम म्हणजे नियम.

३१ मार्च
डॉक्टरीणबाईंचा काटा साफ बिघडलाय. एकशे एकोणीस. मी दारात, पायपुसण्यावर ठेवून बघा म्हणून सुचवलं. ऐकलं नाही. प्रेशर तीनदा मोजलं आणि दर वेळी त्यांचं तोंड आणखी वाकडं झालं. मी शांतपणे फरसबीचं सगळं शास्त्र समजावलं. त्यांनी विचारलं, तेल किती? मी म्हटलं, लागेल तेवढं. टिनमधल्या पाण्याचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. फरसबी चांगलीच आहे, म्हणाल्या, फक्त तुम्ही फरसबी सोडून बाकी सगळं खाल्लंत. आणि अनफिटवर सही केली. यांच्या शिक्षणावर कुणी खर्च केला देव जाणे.

बाहेर साडू उभा होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, दादा, मी मागितलं नव्हतं हो. पडलेला चेहरा घेऊन आला होता. नाटकी मेला!

२ एप्रिल
जमिनीवरचा पहिला दिवस. हातात वॉकीटॉकी, अंगात चमकतं जाकीट. खरं बघितलं तर हीच वरची पोस्ट आहे. खालून मी सांगितल्याशिवाय वरच्याला एक वीटही हलवता येत नाही. सकाळी बायकोला तसं सांगितलंही. तिने हं म्हटलं आणि डबा दिला.

दहाच्या सुमाराला सळ्यांचा पहिला गठ्ठा. मी ऐटीत हुकूम सोडला, घे वर. काही हलेना. पुन्हा ओरडलो. मग वॉकीटॉकीवर साडूचा आवाज आला, अगदी अदबीने. दादा, यातले तुम्ही कोणते?

माझं डोकंच फिरलं. एकशे एकोणीस किलोचा माणूस ह्याला दिसत नाही? शिवी हासडायला बटण दाबलं आणि तसंच सोडलं. वरून किलो दिसत नाहीत. अकरा वर्षं मी बघितलंय, नुसती पिवळी हेल्मेटं दिसतात, सगळी सारखी. मीही असंच विचारायचो, आणि इतक्या अदबीने कधीच नाही.

दादा, हात वर करता का, म्हणाला.

केला.