कुरडयांची अक्षरं

जळगाव, ज्येष्ठ, १९३६

ती. अक्का,

तुझी भिकू आंधळी म्हणून तिला शाळेत कुणी घेईना. म्हणून दोन वर्षांमागं तुझ्याच माळवदावर मी तिची शाळा मांडली. सोऱ्यानं कुरडयांची अक्षरं पाडून वाळवली. भिकू ती बोटांनी चाचपून ओळखायची, पुढं स्वतःही पाडायला लागली. तू ती पाहुण्यांना तळून वाढलीस. मी तणतणले, तर म्हणालीस, "इतली काबर रागावनी व? पीठच शे ना ते!" त्याच दिवशी मी चाळीसगाव सोडलं, ते पुन्हा आलेच नाही.

परवा तुझा कुरडयांचा डबा आला. साऱ्या वाकड्यातिकड्या. वाटेत मोडल्या असतील असं समजून मी इथं शिकवते त्या शाळेतल्या बायांना तळून वाढल्या. आज डब्याच्या तळाशी एक उरलेली हाताला लागली. 'भि' होता तो. मजकुराखाली आपलं नाव घालायचं, हे मीच तिला शिकवलं होतं.

वर तिनं काय लिहिलं होतं, ते आम्ही खाऊन बसलो.

हे पत्र टपालात टाकवत नाही, अक्का. तुला ते कुणीतरी वाचून दाखवेल, आणि भिकू शेजारीच बसलेली असेल, मावशीनं उत्तर काय धाडलं ते ऐकायला.

तुझी धाकटी,
तानू