किलोमागे अर्धा ग्रॅम

प्रिय छटाक,

नाक मुरडलंस ना? मुरड. चाळिशी गाठलीस तरी मला तू छटाकच. पाच वर्षांनी लिहितेय, निदान हाक तरी जुनीच मारू दे.

बाबा बरे आहेत. रोज दुकानात येऊन बसतात. दिसत नाही फारसं, पण दुरुस्तीला आलेल्या तराजूला नुसतं बोट लावून सांगतात, पारडं कुठे अडतंय ते. तुझं बाकडं तसंच आहे. मी त्यावर रिकामे खोके ठेवते आणि बाबा ते खाली उतरवतात.

आता मुद्द्याचं. डोंगरावरच्या औषधवाल्या बाई आठवतात? न आठवायला काय झालं! त्यांच्याच इलेक्ट्रॉनिक काट्यावरून आपलं वाजलं. किलोमागे अर्धा ग्रॅम कमी दाखवतो म्हणून त्यांनी तो परत पाठवला, आणि इथे दुकानात ठेवला तर अगदी बरोबर. मी म्हटलं, वर मांडताना तूच हयगय केलीस. तू वर जायला निघण्यापूर्वी पितळी वजनांची पेटी मागितली होतीस, काटा वापरायच्या जागीच, प्रमाण वजन ठेवून लावायचा असतो म्हणून. मी म्हटलं, पेटी दुकानाबाहेर जाणार नाही. नंतर मात्र गिऱ्हाइकांदेखत तुझ्या हाताला नावं ठेवली. तू गेलास.

गेल्या महिन्यात बाईंनी नवा काटा घेतला. हा मी इथे दुकानात लावला, मी नेला, मीच मांडला. पंधरा दिवसांत निरोप आला: अर्धा ग्रॅम कमी. तोच अर्धा ग्रॅम! पेटी छातीशी धरून बसने वर गेले. नव्या काट्यावर किलोचं वजन ठेवलं, तर नऊशे नव्याण्णव पूर्णांक पाच ग्रॅम. मग बाईंच्या जुन्या तराजूत एका पारड्यात आपलं वजन, दुसऱ्यात त्यांचं. दोन्ही पारडी अगदी समान! अरे, उंचावर पृथ्वीची ओढ जराशी कमी. तराजूत ती दोन्हीकडे सारखीच कमी होते, म्हणून त्याला पत्ता लागत नाही. नवा काटा मात्र ओढच मोजतो. पितळ तेवढंच होतं, कणभरही झिजलं नव्हतं. तिथल्या तिथे पुन्हा लावला, दोन मिनिटांत बरोबर आला. वजन आणि वस्तुमान यांतला फरक घोकून मी शाळेत पैकीच्या पैकी मिळवले होते. तू त्याच धड्याला नापास झाला होतास. घे, हस आता.

पण पेटी का दिली नाही, ते अजून सांगितलंच नाही. बाबांसारखं बोटाने पारडं ओळखणं तुला यायचं, मला कधीच जमलं नाही. पेटीही तुझ्या हाती गेली असती तर मला कोणी विचारलं नसतं. हेवा वाटायचा रे तुझा. काल बाबांना हे सगळं सांगितलं. ते उठले, चाचपडत पेटी उचलली आणि तुझ्या बाकड्यावर नेऊन ठेवली. ज्या ज्या गिऱ्हाइकासमोर तुला बोलले, त्यांच्या दारात जाऊन मी माझी चूक सांगतेय. अजून चार घरं राहिलीत. ये, असं म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. पण पेटी तिथेच आहे, आणि त्या बाकड्यावर पुन्हा खोके ठेवायची माझी छाती नाही.

तुझीच,
चुकलेली ताई