चांद्याला पाजलेलं तेल

आमगाव, ९ फेब्रुवारी २०२५

खेमराज,

धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायचा असतो. लिहिला असं समज. इकडे ठीक. दुकान चालू आहे, तुझ्या निर्मलावहिनीचे गुडघे तसेच.

परवा चहाच्या टपरीवर तू म्हणालास, "भाऊनं बैल पटात पाडला, वरून डाक्टरनीच्या नादी लागून उपाशी मारला." मी पाठमोरा बसलो होतो. माझे कान कसे आहेत, तुला ठाऊक आहे.

आता माझं ऐक. शंकरपटाच्या शर्यतीत माझा बैल चांद्या आंब्याच्या खोडावर आदळला, हे खरं. गुरांच्या रेणू डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. एक बुबुळ मोठं, एक लहान. म्हणाल्या, मेंदूला सूज आहे; डोकं पोत्यांवर उंच ठेवा, गळ्यात दावं नको, घुंगरं नको, दर दोन तासांनी कूस बदला. सूज उतरायचं सलाइन लावलं. आणि पूर्ण शुद्धीवर येईस्तोवर तोंडावाटे थेंबही द्यायचा नाही, असं बजावलं. तिसऱ्या दिवशी बुबुळं सारखी झाली. माझ्या आवाजावर कान हलवला त्यानं.

त्याच दुपारी तू मागच्या दारानं गोठ्यात शिरलास. बांबूची नळी आणि हळद कालवलेलं तेल घेऊन. आपला बाबा दर दुखण्यावर हेच पाजायचा, म्हणून तूही. तेल फुप्फुसात गेलं. दोन दिवस घरघर करून चांद्या गेला. तू मारलास त्याला.

इथवर वाचून निर्मला म्हणाली, "अर्धंच काऊन लिहून राहिले? पूर्ण लिहा, नाहीतर फाडून टाका."

तर लिहितो. मी भिंतीपलीकडे दुकानात होतो. नळी दातांवर वाजलेली मला ऐकू आली. तू काय करतो आहेस ते तेव्हाच कळलं. "पाजू नको" एवढंच ओरडायचं होतं. पण बाबाच्या तेरवीपासून अकरा वर्षं आपण बोललो नाही, आणि आधी मी बोलू? मी निर्मलाला हाक मारली, "त्याला थांबव." ती परसात होती. पोचली तोवर नळी रिकामी. डॉक्टरांचं बोलणंही तुला कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगायचं होतं.

तुला माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस.

सोमवारपासून निर्मला आठ दिवस माहेरी, अर्जुनीला. शिव्या द्यायला यायचं तर तेव्हाच ये. मधे निरोप न्यायला घरात कोणी नसेल.

त्या दुपारी तुझ्याशी तोंड न उघडलेला,
मुन्नालाल